नाकापेक्षा मोती जड नको!

घरातल्या मोठ्या गाडीचे टायर बदलायची वेळ आली की घरात दोन तट पडतात. चिरंजीव म्हणतात, "बदलतोच आहोत तर मोठी, चकचकीत अलॉय चाकंच घालू या!" यजमान म्हणतात, "दुकानदार ओळखीचा आहे, तो देईल ते बसवू." आणि आपण? आपण 'त्यातलं मला काय कळतंय' म्हणून चहा टाकायला आत जातो. पण त्या गाडीत मागच्या सीटवर मुलांना घेऊन बसतं कोण? हल्ली तर कितीतरीजणी ही गाडी स्वतःच चालवतात. आणि चार टायरांचं बिल म्हणजे एका चांगल्या मोठ्या फ्रिजची किंमत! एवढा पैसा घरातून जाणार आणि आपण विचारायचंही नाही, असं कसं चालेल?

तेव्हा आज टायरची आणि चाकांची गोष्ट. घाबरू नका, यात अवघड काही नाही. ब्लाउजच्या मापापेक्षा तर नक्कीच सोपं आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. टायर ही साडी नव्हे, की रंग, काठ, पोत बघून निवडली. टायर म्हणजे कुकरची रबरी रिंग. ती सुंदर आहे का, असं कुणी विचारत नाही. ती आपल्याच कुकरची आहे ना आणि वाफ धरते ना, एवढंच विचारतो. कारण चुकीची बसवली तर काय होतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक असतं.

आता वजनाचा हिशेब करू. फॉर्च्युनरसारखी गाडी रिकामी असतानाच दोन टनांहून जास्त भरते. परदेशी बनावटीच्या काही आलिशान गाड्या तर अडीच टनांच्या घरात जातात. एवढं धूड रस्त्याला कुठे टेकतं? फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी एका छोट्या ताटलीएवढ्या जागेवर. ब्रेक लागतो तो त्या चार ताटल्यांच्या जोरावर. घाटात गाडी वळते ती त्यांच्याच जोरावर. भर पावसात रस्ता धरून ठेवतात त्याही त्याच. म्हणून टायर 'दिसतो कसा' हा प्रश्न शेवटचा. 'पेलतो किती' हा पहिला.

आधी दार उघडा

टायर किती पेलणारा हवा, हे सांगायला दुकानदाराची गरज नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या खांबावर कंपनीने एक चिठ्ठी चिकटवलेली असते. काही गाड्यांत ती डिझेल-पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड असते. तिच्यावर टायरचं माप असतं आणि हवा किती भरायची तेही असतं. बऱ्याच गाड्यांत हवेचे दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक गाडी पूर्ण भरली असताना. सगळा तपशील गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातही असतो. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

"पण गाडीला आत्ता आहेत तेच माप सांगितलं की झालं ना?" नाही हं! गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने हौसेने काय बसवलं असेल, सांगता येत नाही. खरं मानायचं ते चिठ्ठीचं.

टायरवरची अक्षरं वाचा

टायरच्या बाजूवर इंग्रजीत अक्षरं-आकडे उठवलेले असतात. फॉर्च्युनरच्या काही मॉडेलांवर असतं ते उदाहरण घेऊ: २६५/६० आर १८ ११० एच.

यातले २६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १५९ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बनावट. १८ म्हणजे आतल्या धातूच्या चाकाचा व्यास इंचात. इथपर्यंत दुकानदारही वाचून दाखवतो. पण खरी मेख त्याच्या पुढे आहे.

११० हा वजनाचा सांकेतिक आकडा. ११० म्हणजे ११० किलो नव्हे बरं का! त्याचं कोष्टक ठरलेलं आहे आणि सगळ्या कंपन्यांना ते एकच आहे. वहीत उतरवून घ्या:

१०० म्हणजे ८०० किलो
१०४ म्हणजे ९०० किलो
१०७ म्हणजे ९७५ किलो
११० म्हणजे १०६० किलो
११२ म्हणजे ११२० किलो
११६ म्हणजे १२५० किलो

हे वजन एका टायरने जास्तीत जास्त पेलायचं, तेही हवा पुरेशी असताना. शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. "आम्ही कुठे एवढ्या वेगाने जातो?" असं म्हणून खालचं अक्षर घेऊ नका. तापलेल्या टायरने किती सोसायचं, त्याचंही ते माप आहे.

नियम साधा आहे. वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर चिठ्ठीत किंवा पुस्तकात असेल तेवढं तरी हवंच. वर चालेल, खाली नाही.

आता एखादा दुकानदार हुशारीने म्हणेल, "ताई, १०४ चा घ्या, स्वस्त पडेल. नऊशे किलो गुणिले चार, झाले साडेतीन टनांवर. तुमची गाडी भरून पावणेतीन टन धरली तरी खूप झालं की!" गुणाकार बरोबर आहे, हिशेब चुकीचा आहे. कारण वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. जोरात ब्रेक दाबला की ते पुढच्या दोन चाकांवर जातं. घाटात वळण घेतलं की बाहेरच्या बाजूला जातं. गणपतीला कोकणात निघालो की सात माणसं, मागे बॅगा, टपावर सामान, आणि त्यातच खड्डा येतो! दहा माणसं जेवायला येणार असली की आपण बाराजणांचं रांधतो ना? गाडी बनवणाऱ्यांनीही तसंच वरचं धरलेलं असतं. त्या राखीवाला हात लावायचा नाही.

आणखी दोन खुणा बघा. काही टायरांवर 'एक्सएल' लिहिलेलं असतं. हा जास्त वजन पेलणारा, घट्ट बांधणीचा टायर. पण तो पूर्ण वजन पेलतो तो जास्त हवेवर. साध्या टायरच्या वजनाचा आकडा साधारण ३६ पीएसआय दाबाला धरलेला असतो, एक्सएलचा ४२ ला. म्हणून साध्याऐवजी एक्सएल घेतलात तर 'आता आमच्या गाडीला हवा किती?' हे टायर कंपनीच्या जाणकाराला विचारून लिहून घ्या. अलीकडे 'एचएल' अशीही खूण दिसते. ती याहून जड गाड्यांसाठी, विशेषतः बॅटरीमुळे वजन वाढलेल्या विजेच्या गाड्यांसाठी असते. चिठ्ठीत यांपैकी काही मागितलं असेल तर तेच घ्या.

चाक मोठं केलं तर?

आता चिरंजीवांच्या हौशीकडे वळू. त्यांना १८ इंचांऐवजी २० इंची चाक हवंय. हौस वाईट नाही. पण काय मिळतं आणि काय जातं, ते त्यांच्यासमोर कागदावर मांडा.

१८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. त्यात वरचं-खालचं मिळून ३१८ मिलिमीटर रबर घातलं की पूर्ण चाकाची उंची ७७५ मिलिमीटर होते. ही उंची राखायलाच हवी. म्हणून २० इंची चाकाला २६५/५० मापाचा टायर लागतो, त्याची उंची ७७३ येते. जमलं! पण बाजूचं रबर १५९ वरून १३२ वर आलं, म्हणजे इंचभर रबर गेलं. खड्ड्याचा दणका गिळायचं काम ते रबर करत होतं. आता तो दणका चाकाला बसणार आणि आपल्या कमरेलाही. खड्ड्यात चाक वाकणं, तडकणं, टायरच्या बाजूला फुगा येणं हे सगळं बारीक रबराच्या टायरात जास्त होतं. आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत!

आणखी एक गोम. २६५/५० आर २० याच मापात १०७ आकड्याचा टायर मिळतो आणि १११ चा एक्सएलही मिळतो. माप एकच, दिसायला एकसारखे. पण एक पेलतो ९७५ किलो आणि दुसरा १०९० किलो. आपल्या ११० च्या गाडीला पहिला चालणार नाही. नुसतं माप सांगून टायर मागवला की अशी फसगत होते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

आणि उंचीच वाढवली तर? समजा १८ इंचांवरच २८५/६० घातला. उंची होते ७९९ मिलिमीटर, म्हणजे तीन टक्के जास्त. गाडीत काटा १०० दाखवील तेव्हा खरा वेग १०३ च्या आसपास जाईल. स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर आत घासू शकतो. जड चाक फिरवायला आणि थांबवायला जोरही जास्त लागतो. शिवाय कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात त्यावरून वाद निघू शकतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

उलट बाजूही सांगते. फॉर्च्युनरच्याच १७ इंची चाकांवर २६५/६५ मापाचा टायर येतो. त्याची उंची ७७६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच, आणि रबर जास्त. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असं लहान चाकाचं माप दिलेलं असेल आणि रोजचा रस्ता खराब असेल, तर ते खुशाल घ्या. गाडी थोडी कमी रुबाबदार दिसेल, पण प्रवास सुखाचा होईल.

धातूचं चाक घेताना

टायर चांगला आणि चाक भलतंच, असंही होतं. बांगडी हाताच्या मापाची नसली तर एकतर चढत नाही, नाहीतर घरंगळते, चाकाचंही तसंच. दुकानात पाच गोष्टी विचारा.

एक, नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. फॉर्च्युनरला सहा नट आणि १३९.७ मिलिमीटर असतं. ऑडी, मर्सिडीझच्या बऱ्याच गाड्यांना पाच आणि ११२. 'जवळपास बसतंय' हे इथे चालत नाही.

दोन, मधलं भोक. ते गाडीच्या हबवर नेमकं बसायला हवं. मोठं असेल तर मापाची रिंग घालतात. नाहीतर चाक हादरतं.

तीन, ऑफसेट. चाकावर 'ईटी' आणि पुढे आकडा असतो. चाक किती आत किंवा बाहेर बसेल, ते यावर ठरतं. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावता कामा नये.

चार, नटाचं किंवा बोल्टचं टोक. काहींचं शंकूसारखं निमुळतं असतं, काहींचं गोल. चाकाची बैठक एका प्रकारची आणि नट दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण पुढे सैल होतो.

पाच, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चाक स्वतः किती वजन पेलतं. चांगल्या चाकावर हे किलोत कोरलेलं असतं. पुस्तकात दिलेलं मागच्या किंवा पुढच्या आसावरचं जास्तीत जास्त वजन घ्या आणि त्याचं निम्मं करा. चाकाचा आकडा त्याहून कमी नको. आकडाच नसेल तर ते चाक कितीही चमको, ठेवून द्यायला सांगा. हलक्या मोटारीसाठी बनवलेलं चाक नट जुळले म्हणून मोठ्या गाडीला लावणं म्हणजे चहाच्या बशीत वरण वाढण्यासारखं आहे.

चारही सारखे

ज्या गाडीची चारही चाकं जोर लावतात, तिला चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे आणि दोन झिजलेले असले की त्यांच्या फिरण्यात फरक पडतो, आणि तो ताण आतल्या दातेरी चाकांवर येतो. टायरात वाचवलेले पैसे मग गिअरच्या दुरुस्तीत जातात. म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करून घ्यावी, म्हणजे सगळे बरोबरीने झिजतात. काही जर्मन गाड्यांना मागचे टायर कारखान्यातूनच जास्त रुंद येतात. ते तसेच ठेवायचे, पुढचे मागे करायचे नाहीत.

बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी, मर्सिडीझच्या टायरवर 'एमओ', ऑडीच्या टायरवर 'एओ' अशी खूण असते. त्या गाडीसाठी खास जुळवलेला टायर, असा तिचा अर्थ. पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर धावणारे 'रन-फ्लॅट' टायर असतील तर ते काढून साधे बसवण्याआधी गाडीत स्टेपनी आहे का, ते बघा. हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं सामान असेल तर स्टेपनीशिवाय गाडी देण्याची मुभा आपल्याकडे २०२० पासून आहे. त्यामुळे डिकी उघडून खात्री केलेली बरी!

हवेला विसरू नका

उत्तम टायर घेतला आणि हवेकडे पाहिलं नाही, तर सगळं मुसळ केरात. हवा कमी असली की टायरच्या बाजू सारख्या दबत-उठत राहतात, टायर आतून तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. जड गाडी, भर दुपार, लांबचा सलग रस्ता, म्हणजे आणखी भर. आपला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. तिथे तासन्‌तास एकाच वेगाने गाडी जाते. टायरला विसावा नसतो. निघण्यापूर्वी हवा बघा आणि मध्ये थांबा.

यात किती गंभीर होऊ शकतं, हे अमेरिकेने पाहिलं आहे. ऑगस्ट २००० मध्ये तिथे फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या मोठ्या गाडीवर होते. धावताना टायरचा वरचा थर सुटायचा आणि उंच गाडी कलंडायची. अडीचशेहून जास्त माणसं गेली. टायरची घडण, कमी हवा, उन्हाळा, वेग आणि ओझं, सगळ्यांचीच चर्चा झाली. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आपण यंत्रणेची वाट कशाला पाहायची? पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर गार असताना हवा बघायची आणि चिठ्ठीत असेल तेवढी भरायची. स्टेपनीतही!

दुकानात जाताना

ही यादी पर्समध्ये ठेवा.

टायरवर चार आकडे शेजारी-शेजारी असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. '२३२५' म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. लोणच्याच्या बाटलीवरची तारीख बघतो तशी ही बघा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावाने घेऊ नका.

आयएसआयची खूण पाहा.

डांबरी-सिमेंटच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला रस्त्याचा, म्हणजे 'एचटी' टायर घ्या. मोठ्या दातांचे चिखलाचे टायर दणकट दिसतात, पण आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात.

चाकातल्या हवेच्या सेन्सरची आठवण करून द्या, नाहीतर जुन्या चाकाबरोबर तो दुकानातच राहतो.

नट मोजक्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या. अलाइनमेंट, बॅलन्सिंग त्याच दिवशी.

पक्कं बिल घ्या. त्यावर टायरचं पूर्ण माप, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर लिहून घ्या.

आणि जुने टायर बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं? नक्षीच्या खाचांत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पण पावसाळ्यापूर्वी तीन मिलिमीटरवर आली असेल तर तेव्हाच बदला, कारण खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर जात नाही. गाडी फार चालली नाही तरी पाच वर्षांनंतर दरसाल टायर तपासून घ्यावे. रबर उभ्या-उभ्याही म्हातारं होतं. बाजूला चीर किंवा फुगा दिसला तर मात्र एक दिवसही थांबू नका.

तर मैत्रिणींनो, दुकानात कुणी म्हणालं, "वहिनी, तुम्ही बसा, आम्ही बघतो," तर हसून एवढंच विचारा, "वजनाचा आकडा किती?" उत्तर चिठ्ठीशी जुळलं तर पैसे काढा. नाही जुळलं तर दुसरं दुकान आहेच!